दिमोनाचे काका

इस्रायलच्या दक्षिणेला नेगेवचं वाळवंट आहे आणि त्या वाळवंटात १९५५ साली वसवलेलं दिमोना नावाचं गाव आहे. जगाला ते अणुभट्टीमुळे ठाऊक. मराठी माणसाला ते ठाऊक असायला हवं तिथल्या काकांमुळे. हे काका एकटे नाहीत. ते बीरशेबात आहेत, लोदला आहेत, रामला आणि अश्दोदलाही आहेत. वय ऐंशीच्या पुढेमागे, आडनाव पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर यांपैकी एखादं, आणि तोंडात साठ सालातल्या मुंबईची मराठी. भारतातून आलेला पाहुणा दारात चपला काढत असतानाच पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं?" पाहुणा म्हणतो, "पुणे." काका म्हणतात, "ते राहायला. मूळ गाव?"

मूळ गाव या विषयात काकांचा हात कुणी धरू शकत नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्राएल हा ज्यू समाज वाढला, अशी कथा आहे. हे घडलं कधी, यावर विद्वानांचं एकमत नाही. काकांचं स्वतःशी पूर्ण एकमत आहे: दोन हजार वर्षं. वाचलेली माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. हे सांगताना काका अशा थाटात बसतात की पहिला घाणा त्यांनीच जुंपला असावा.

मग पूर्वज निघतात. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकरांनी, १७९६ साली मुंबईत मांडवीला प्रार्थनालय बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. काका 'असं सांगतात' एवढे दोन शब्द गाळतात. मुंबईच्या पाहुण्यानं "मी रोज मशीदला उतरतो" असं म्हटलं, तर काका त्याच्याकडे आपल्या घरच्या ओसरीतून रोज ये-जा करणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात.

असा हा दुसऱ्याची वंशावळ विचारणारा माणूस. त्याच्याच वंशावळीची चौकशी झाली, तेव्हा काय झालं असेल?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमधल्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयानं फर्मान काढलं. बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागे चौकशी करा आणि सगळे ज्यूच आहेत ना, याची खात्री करा. काका तेव्हा लग्नाचे होते. मुंबईची बरी कारकुनी सोडून वाळवंटातल्या कापडगिरणीत लागलेले, हिब्रूशी झटापट चालू, आणि त्यात पणजीचा दाखला आणायचा! काका उसळले. ठिय्या कसा द्यायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर सगळं पाहिलं होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल लोक जेरुसलेमला ठाण मांडून बसले. शेवटी संसद मध्ये पडली आणि फर्मानातून बेने इस्राएल हे नाव वगळलं गेलं. काकांच्या तोंडून ऐकलं तर या लढ्यात एकूण एकच माणूस होता. काकू आतून सांगतात, "हे तिथे दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं."

याच्याही आधी, १९५१-५२ साली, घर, नोकरी आणि कातडीच्या रंगावरून मिळणारी वागणूक यांना वैतागून काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला होता. मागणी एकच, आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा. त्यांना पाठवलंही. मुंबईत उतरल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी अर्ज केले. काकांना यात काही वावगं वाटत नाही. तक्रार करायला दोन देश असलेला माणूस एकाच देशात किती दिवस गप्प बसणार?

घरात मात्र तक्रारीला जागा नाही, कारण तिथे काकूंचं राज्य आहे. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, हा धर्माचा नियम जगभरच्या ज्यूंना अवघड जातो. काकूंना जात नाही, कारण त्यांच्या रश्शात नारळाचं दूध असतं. नव्या वर्षाला त्या गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्या दुधातला. कॅलेंडरवर काहीही छापलेलं असो, या घरातले जुने सण वेगळे आहेत. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे बिरड्याचा सण. नातवाला नोकरी लागली, आजारी माणूस उठून बसला, लग्न ठरलं की मलिदा. पोहे, खोबरं, गूळ, सुकामेवा आणि फळं यांचं तबक भरायचं, एलियाहू हन्नबी या पैगंबराचं नाव घ्यायचं. या एलियाहूच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर आहे, अशी श्रद्धा आहे. शेजारचे मोरोक्कोचे ज्यू विचारतात, "पैगंबर तुमच्याकडे कशाला आला होता?" काका म्हणतात, "हवापालटाला."

काकांचं खरं दुःख नातू आहे. तो काकांना 'सबा' म्हणतो, मराठीत त्याला 'चल', 'बस' आणि एक शिवी येते. लष्करातली सक्तीची नोकरी संपली की इस्रायली तरुण पाठीला पिशवी लावून भारतात जातात, तसा तोही गेला. मनालीला राहिला, गोव्याला राहिला, दाढी वाढवून परत आला. काकांनी विचारलं, "अलिबाग?" नातू म्हणाला, "ते कुठे आहे?" त्या दिवशी काका जेवले नाहीत.

काका स्वतः मात्र जाऊन येतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या बोटीत ते शेजारच्या माणसाला इस्रायलचं ठिबक सिंचन समजावतात. अलिबागला उतरल्यावर तिथल्या रस्त्यांची तुलना दिमोनाच्या रस्त्यांशी करतात. दिमोनाला परतले की नातेवाइकांना पावसाचं वर्णन ऐकवतात. दिमोनात वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, अलिबागला दोन हजारांच्या वर पडतो, आणि या दोन आकड्यांमधला फरक हा काकांना स्वतःचा पराक्रम वाटतो.

'अलिबागसे आया है क्या?' हे वाक्य अलिबागकरांची बदनामी करतं, म्हणून त्यावर बंदी घाला, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली होती. २०१९ साली न्यायालयानं ती फेटाळली. काकांना बातमी कळली तेव्हा ते चक्रावले. "कुणी विचारलं तर 'हो' म्हणावं की! त्यात कोर्टात जाण्यासारखं काय आहे?"

अलिबागच्या समुद्रावर जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून इस्राएल आळीतलं मागेन अबोथ हे प्रार्थनालय जरूर पाहावं. आत जाताना डोकं झाकावं. ओळखीत कुणी दिमोनाचे काका असतील तर त्यांना तिथला फोटो पाठवावा. भिंतीचा रंग चुकीचा आहे, असं लगेच उत्तर येईल. ते मनावर घेऊ नये.