पाकीट गेलं, पावती आली

थेंबानं गेलेली अब्रू हौदानं येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी टेक्सासचा हौद पाहिलेला नसावा.

डॅलस शहरात सदर्न मेथॉडिस्ट युनिव्हर्सिटी, म्हणजे एसएमयू, नावाचं विद्यापीठ आहे. नावात धर्म, विश्वस्तांत तेलवाले आणि शनिवारी फुटबॉल. फुटबॉल अर्थात त्यांचा, अंडाकृती चेंडू काखोटीला मारून धावायचा. १९८२ साली हा संघ मोसमभर एकही सामना हरला नाही. एरिक डिकरसन हा त्यांचा हिरा. शाळेत असतानाच तो सोनेरी ट्रान्स अ‍ॅम गाडीतून फिरू लागला होता. तेव्हा त्यानं शब्द दिला होता दुसऱ्याच विद्यापीठाला, पण अखेर तो एसएमयूत आला, गाडीसकट. गाडी आजीनं घेऊन दिली, असं सांगण्यात आलं. टेक्सासमधल्या आज्या त्या काळी फारच सढळ हाताच्या होत्या.

नियम असा होता की विद्यार्थी हौशी खेळाडू आहे, शिष्यवृत्तीपलीकडे त्याला दमडी द्यायची नाही. प्रशिक्षकाला घसघशीत पगार चालेल, विद्यापीठानं तिकिटं विकलेली चालतील, टीव्हीनं जाहिराती दाखवलेल्या चालतील. ज्याचे गुडघे मोडतात त्यानं मात्र खेळ निव्वळ आनंदासाठी खेळावा. हे सोवळं सांभाळायला एनसीएए ही संस्था. आणि सोवळ्याच्या आड पाकीट सरकवायला ‘बूस्टर’, म्हणजे श्रीमंत माजी विद्यार्थी आणि हितचिंतक.

१९८५ मध्ये एसएमयू पुन्हा एकदा पकडलं गेलं. शिक्षा झाली, पश्चात्ताप जाहीर झाला आणि पाकिटं चालूच राहिली. कारण मोठं नैतिक होतं. पोरांना शब्द दिला होता, तो कसा मोडायचा? तेव्हा ज्यांना कबूल केलंय त्यांना देत राहू, ती पदवी घेऊन बाहेर पडली की प्रथा आपोआप संपेल, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत विद्यापीठाच्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स होते. तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीचे संस्थापक, एकदा टेक्सासचे गव्हर्नर होऊन गेलेले आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आलेले. भ्रष्टाचार टप्प्याटप्प्यानं, कोणाचंही मन न दुखावता बंद करण्याची ही योजना जगात इतरत्र राबवली गेली असेल, पण इतक्या कनवाळूपणे नाही.

त्याच नोव्हेंबरात एका माजी खेळाडूनं डॅलसच्या टीव्हीवर सगळं सांगून टाकलं. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी एनसीएएनं निकाल दिला: तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले, महिना ५० ते ७२५ डॉलर या हिशेबानं, सबब १९८७ चा अख्खा मोसम रद्द. या शिक्षेला तिकडे ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात. १९८८ मध्ये फक्त बाहेरगावचे सामने खेळायची मुभा होती, पण संघच उरला नव्हता, म्हणून तोही मोसम विद्यापीठानं स्वतःच सोडला.

पुढच्याच आठवड्यात गव्हर्नरसाहेबांनी आपल्याला सगळं ठाऊक होतं, असं कबूल केलं. मग आधी खरं का सांगितलं नाहीत? त्यावर, तिथे काही शपथविधीसारखं समोर बायबल ठेवलेलं नव्हतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. नावात मेथॉडिस्ट असलेल्या विद्यापीठात बायबलचा तुटवडा! शेवटी चर्चच्या बिशपांनी समिती नेमून स्वतंत्र चौकशी केली. कारभारी मंडळ बरखास्त झालं. प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक त्याआधीच राजीनामा देऊन गेले होते, रिकाम्या हातानं मात्र नाही. गव्हर्नर गव्हर्नरच राहिले, १९९१ पर्यंत.

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धार्मिक देखावा निकालानंतरचा. मृत संघातले खेळाडू उचलायला देशभरातल्या विद्यापीठांचे प्रशिक्षक एसएमयूच्या आवारात धावले. तेराव्याला भांडी वाटून घ्यावीत तसं वाटप झालं. यांतले कितीजण पाकिटाविना आले असतील, हे आपण कशाला विचारा?

१९८९ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला. फॉरेस्ट ग्रेग हे विद्यापीठाचे जुने, नावाजलेले खेळाडू प्रशिक्षक म्हणून आले आणि मिसरूड फुटलेली पोरं घेऊन उभे राहिले. ह्यूस्टननं त्यांना ९५-२१ असं लोळवलं. गंमत अशी, की हे ९५ गुण ठोकणारं ह्यूस्टनही त्या मोसमात नियमभंगाचीच शिक्षा भोगत होतं. पण ते जिंकत होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता खरी प्रतिमाउभारणी. तिला वीस वर्षं लागली आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही. १९८९ ते २००८ या काळात पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला मोसम एकच, १९९७ चा. सभ्य विद्यापीठ, सभ्य पोरं, सभ्य पराभव. या सभ्यतेसाठी कोणी पाठ थोपटली नाही. लोक कीव करत होते. मोसमाअखेरचा मानाचा ‘बोल’ सामना १९८४ नंतर त्यांनी खेळला तो थेट २००९ साली. (मध्ये २०१५ साली बास्केटबॉलच्या संघाला शिक्षा झाली, ती निराळी. एका खेळात सोवळं नेसलं तर दुसऱ्यात थोडं सैल सोडावं लागतं.)

अब्रू परत आली ती वेगळ्याच दारानं. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एनसीएएला एकमतानं फटकारलं आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याबद्दल पैसे घ्यायची मोकळीक झाली. एसएमयूचे बूस्टर यात मुरलेलेच होते. हात तेच, खिसे तेच, फक्त पाकिटाच्या जागी करारपत्र. २०२२ मध्ये त्यांच्या संघटनेनं जाहीर केलं की फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलच्या खेळाडूंना वर्षाला प्रत्येकी ३६ हजार डॉलर देणार. म्हणजे अशा दोन खेळाडूंचं एका वर्षाचं मानधन त्या तेराजणांच्या एकूण पापापेक्षा ११ हजारांनी जास्त. यावर बातम्या आल्या, त्याही कौतुकाच्या.

मग आला हौद. २०२३ मध्ये एसीसी या बड्या गटात प्रवेश हवा होता. अट अशी, की गटाच्या टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं मागायचा नाही. विद्यापीठ म्हणालं, नको तुमचे पैसे. आणि आठवड्याभरात देणगीदारांनी १० कोटी डॉलर उभे केले. २०२४ मध्ये, गटातल्या पहिल्याच वर्षी, साखळीतले आठही सामने जिंकून संघ राष्ट्रीय बाद फेरीत पोचला. तिथे पेन स्टेटनं ३८-१० असं हरवलं, ते सोडा. बाद फेरीत हरणं हे आता प्रतिष्ठेचं लक्षण आहे.

२०२५ च्या जूनमध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला मर्यादा सुमारे २ कोटी डॉलरची. क्लेमेंट्स २०११ साली वारले, नाहीतर दूरदृष्टीबद्दल त्यांचा सत्कार करता आला असता.

एसएमयूनं वर्तन सुधारून काहीच मिळवलं नाही. नियम सुधारले आणि ते आपोआप चारित्र्यवान ठरलं. १९८७ नंतर एनसीएएनं वरच्या श्रेणीतल्या कोणत्याही फुटबॉल संघाचा मोसम असा रद्द केलेला नाही. आणि त्या तेराजणांवरचा ठपका कोणी मागे घेतलेला नाही.