हाऊ मानूस जेवस कवय?

झुमरीतलैया नकाशात कुठं आहे हे आमच्या नंदुरबारात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिथल्या लोकांना गाण्यांची हौस किती, हे पोरासोरांनाही पाठ होतं. रेडिओवरचा निवेदक फर्माईश करणाऱ्यांची नावं सावकाश, एकही न गाळता घ्यायचा. मग सिनेमा, गीतकार, संगीतकार, गायक. थिएटरात श्रेयनामावली धावत असते तेव्हा आपण अंधारात खुर्ची चाचपत असतो. शैलेंद्र, मजरूह, सज्जाद हुसेन ही माणसं आमच्या घरी आली ती या निवेदकांचं बोट धरून. नाहीतर सगळी गाणी हिरोनंच रचली, असंच आम्ही धरून चाललो असतो.

या वैभवाचं थोडं श्रेय एका मराठी मंत्र्याला जातं, अर्थात उलट्या अंगानं. १९५२ साली नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं. रागदारीवर त्यांचं प्रेम. त्या प्रेमापोटी त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. देशानं वाद घातला नाही, फक्त काटा सरकवून श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन गाठलं. त्याच डिसेंबरात तिथं अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. भावांच्या आधी बहिणींना साद घालणारा तो आवाज बुधवारी रात्री आठला घरोघर पाहुणा येऊ लागला. १९५७ मध्ये विविध भारती निघाली आणि घालवून दिलेली गाणी सरकारी दारानंच पुन्हा आत आली, तीही केसकरांच्याच कारकिर्दीत!

आमच्या नानांकडे लाकडी पेटीचा रेडिओ होता, पोस्टातून परवाना काढलेला. समुद्र ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सिलोनचा आवाज झोळीतल्या पोरासारखा झोके घेऊ लागे. आत्ता कानाशी, तर आत्ता थेट तोरणमाळच्या पलीकडं. सकाळी साडेसातला तिथं जुन्या सिनेमांची गाणी लागत. आठ वाजायला दोन-तीन मिनिटं असताना, शेवटचं गाणं सहगलचं. ते लागलं की नाना घड्याळाला किल्ली देत. गाणं मध्येच खरखरीत बुडालं, तर पुढचं ते स्वतः गात. सहगल पुन्हा वर येई तेव्हा नाना एक ओळ पुढं निघून गेलेले असत. मग ते थांबून त्याची वाट बघत. चूक सहगलची आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसे.

आजीची चिंता निराळी होती. रेडिओत एकच माणूस बसलेला असतो, असा तिचा ठाम समज. सकाळी ‘भूले बिसरे गीत’ला तोच, रात्री दहाला ‘छायागीत’लाही तोच. दिवे मालवताना ती हमखास अहिराणीत विचारायची, “हाऊ मानूस जेवस कवय?” म्हणजे, हा माणूस जेवतो कधी? विसरलेली म्हणून जी गाणी रोज सकाळी लावतात ती विसरायची तरी कधी, हा प्रश्न मात्र तिला कधी पडला नाही.

आता रेडिओ फोनमध्ये गेला आहे. मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांजवळ एखादा फोन विविध भारती लावून ठेवलेला असतो. त्याच फोनमध्ये हवं ते गाणं बोटाच्या टोकाशी आहे. तरी माणसं निवेदकाला फोन लावतात, लाइन मिळेपर्यंत चिकाटीनं लावत राहतात. नंदुरबार कुठं आलं, हे त्याला सांगावं लागतं. १ जुलै १९९८ पर्यंत ‘जिल्हा धुळे’ म्हणून भागत होतं. आता जिल्हा आपला झाला, तरी आमची माणसं सांगतात, ‘सुरत के पास’.

असाच एक गडी पथारीवरून बोलत होता. गावात प्रसिद्ध काय, असं विचारल्यावर अभिमानानं ‘मिर्ची’ म्हणाला आणि त्याच क्षणी मिरचीनं त्याला गाठलं. ठसका काही केल्या थांबेना. पलीकडून निवेदिका हळुवारपणे म्हणाली, पाणी पिऊन घ्या, आम्ही आहोत. तांब्या आला, घोट घेतल्याचा आवाज देशभर गेला. डोळे पुसत गडी म्हणाला, रफीसाहेबांचं कोणतंही लावा, पण तेवढी नावं घ्या. आणि त्यानं पथारीवरच्या सगळ्या बायांची नावं सांगायला सुरुवात केली.