मंगळ लागतो, पाचनई लागत नाही

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपच्या अवकाश संस्थेचं स्कियापारेली नावाचं यान मंगळावर उतरायला निघालं. उतरता उतरता ते जी क्षीण हाक मारत होतं, ती सतरा कोटी किलोमीटर ओलांडून नारायणगावजवळच्या खोडदला पोचली आणि तिथल्या रेडिओ दुर्बिणीने ती अचूक पकडली. यान पुढे आपटलं, तो भाग वेगळा. पण आपटायच्या जरा आधीपर्यंत त्याचं काय चाललंय, हे जुन्नर तालुक्याला कळत होतं. त्याच खोडदपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत हरिश्चंद्रगड आहे. तिथून कुणी घरी ‘पोचलो, काळजी करू नका’ एवढं कळवायला गेला की फोनवरची बाई सांगते, आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती सध्या क्षेत्राबाहेर आहे. बाईंना कोण सांगणार, की क्षेत्राबाहेर ती व्यक्ती नाही, आम्ही आहोत.

खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारायच्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी रेडिओचा गोंगाट कमी असलेला मुलूख मुद्दाम शोधला होता. घाट ओलांडून अकोले तालुक्यात चौकशी केली असती, तर याहून निवांत जागा गावकऱ्यांनी स्वतः फिरून दाखवल्या असत्या.

गडाच्या पायथ्याला, पाचनईच्या वाटेवर झापासमोर पिठलं-भाकरी करणाऱ्या मावशींना रेंजचं विचारून पाहा. “कोणती पायजे? जिओ त्या सादड्याखाली. बीएसएनएल पल्याडच्या कातळावर, पण तोंड कोकणाकडं करून उभं ऱ्हायचं.” दिल्लीतल्या कुठल्याही नकाशापेक्षा हा नकाशा खात्रीचा. यात टॉवर किती उभे राहिले हे नसतं, आवाज कुठे येतो एवढंच असतं.

तर अशा मुलखात हल्ली पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकांच्या गप्पांत एका यंत्राचं नाव भक्तिभावाने निघतं. उपग्रहावरून निरोप धाडणारं हे यंत्र मुठीत मावतं, टॉवरची मिंधेगिरी करत नाही. डोक्यावर मोकळं आकाश असलं की सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या इरिडियमच्या ६६ उपग्रहांपैकी एखाद्याला गाठतं आणि चार ओळींचा मजकूर हवा तिथे पोचवतं. बाजूला झाकणाखाली संकटाचं बटण. (साम्रदच्या सांदण दरीत मात्र उपयोग शून्य. दोन्ही अंगांना शे-दोनशे फुटांचे कडे आणि वर आकाशाची नुसती चिरी. उपग्रह तिथे डोकावेपर्यंत माणूस आपला आपण बाहेर येतो.)

आता समजा, रतनगडाच्या नेढ्याजवळ तुमचा पाय मुरगळला आणि तुम्ही ते बटण दाबलं. हाक आधी अंतराळात जाते. तिथून उतरते अमेरिकेत, टेक्सासमध्ये, कारण या यंत्रांतल्या सगळ्यात खपणाऱ्या एका यंत्राचं मदत केंद्र तिथे आहे. तिथला सज्जन गृहस्थ ‘रटनव्हाडी’ कुठे आहे ते शोधतो. मग तो दिल्लीला कळवतो. दिल्ली मुंबईला कळवते. मुंबई विचारते, अहमदनगर की अहिल्यानगर? २०२४ साली नाव बदललं आहे, जुन्या नावाने आलेल्या संकटाची नोंद कुठे करायची? तेवढा निकाल लागला की जिल्हा, जिल्ह्याकडून राजूरचं पोलीस ठाणं, ठाण्याकडून रतनवाडीच्या पोलीस पाटलांना फोन. पोलीस पाटील क्षेत्राबाहेर. म्हणून एक शिपाई मोटारसायकलवर निघतो. तो भंडारदऱ्याचं पाणी वळसा घालून गावात पोचतो, तेव्हा गावातली चार पोरं दोर आणि बॅटरी घेऊन केव्हाच गडाच्या वाटेला लागलेली असतात. कारण पाय मुरगळल्यावर तुम्ही बटण शोधण्याच्या आधी बोंब मारलेली असते, आणि ती गुराख्याने ऐकलेली असते.

ही थट्टा यंत्राची नव्हे. धुक्यात वाट चुकलेल्याला आपण कुठे अडकलोय याचे आकडे बाहेर कळवता आले, तर शोधणाऱ्यांची रात्र वाचते. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या नावाखाली नोकरीधंदा सांभाळून अपरात्री धावणाऱ्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात तोलार खिंडीच्या अंगाला ‘आम्ही एका मोठ्या झाडाजवळ आहोत’ या माहितीवर माणूस शोधणं म्हणजे काय, ते सांगतील.

पण टेक्सासची पुढची गोष्ट घडायची तर आधी यंत्र खिशात हवं, आणि ते खिशात असणं हाच गुन्हा. भारतात परवान्याशिवाय उपग्रह संपर्काचं साधन बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका धावपटू बाईंनी गोव्यात दाभोळीच्या विमानतळावर असलं यंत्र तपासणीच्या ट्रेमध्ये स्वतःच्या हाताने काढून ठेवलं. जंगलात एकटीने धावणारी बाई, जिवाच्या काळजीपोटी जवळ बाळगलेली वस्तू. तिला बाजूला घेतलं, पोलीस आले, कोर्टकचेरी झाली. त्याच महिन्यात मोपाला एका झेक पाहुण्याकडे सायकलच्या दांडीवर बसवायचं जीपीएस सापडलं, म्हणून त्याच्यावरही गुन्हा. ते यंत्र निरोप धाडत नाही, सायकल किती पळाली एवढं सांगतं. पण अँटेना ती अँटेना. पुढे २०२५च्या सुरुवातीला विमान कंपन्यांना सांगण्यात आलं की, प्रवाशांना आधीच कल्पना द्या.

बंदीमागचं कारण काल्पनिक नाही, हे मान्य. २६ नोव्हेंबरला मुंबईवर चालून आलेल्यांकडे उपग्रह फोन होता आणि त्यानंतर थुराया-इरिडियमवर सरकारची वक्रदृष्टी वळली. देशाने सावध असावंच. फक्त माझी एक बारकी शंका आहे. घातपात करायला निघालेला माणूस आपलं यंत्र ट्रेमध्ये, चपलांच्या शेजारी, नीट दिसेल असं ठेवतो का?

कायद्याची तपश्चर्याही मोठी. तार कायदा १८८५चा, बिनतारी कायदा १९३३चा. आता २०२३चा नवा दूरसंचार कायदा आला, पण परवानगीसाठी तोंड अजून दिल्लीकडेच करायचं. बीएसएनएलचा इनमारसॅटवर चालणारा फोन रीतसर मिळू शकतो म्हणतात. अर्ज, ओळखपत्र, कारण, शिक्का. कारणाच्या रकान्यात ‘पाय मुरगळण्याची शक्यता’ असं लिहावं की ‘राष्ट्रहित’, एवढंच ठरवायचं.

खरं तर माणसं जगापासून तोडायची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना इंग्रजांनी पकडलं आणि नगरच्या भुईकोटात आणून ठेवलं. कुठे ठेवलंय हे लोकांना कळू दिलं नाही, सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र नाही की पत्र नाही. त्यासाठी साम्राज्याला तटबंदी, खंदक, पहारेकरी असा केवढा खर्च आला. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात तीच सोय आज बिनखर्चाची आहे.

मधे आशेला पालवी फुटली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं. दुर्गम भागात उपग्रहावरून इंटरनेट येणार! यादीत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव ही नावं आली. नगरचं नव्हतं. कसं असेल? नगर हा मंत्रालयाच्या लेखी साखरेचा जिल्हा. सहकारी कारखानदारीची गंगोत्री प्रवरानगरला, क्षेत्रफळाने राज्यात पहिला नंबर. सरासरी काढली की कारखान्याची चिमणी आणि कळसूबाईचं शिखर एकाच रकान्यात बसतं आणि कुमशेतचा ठाकर कागदोपत्री ऊसवाला होतो.

बरं, सरकारला रेंजची गरज कळत नाही असंही नाही. मागायची वेळ आली की नीट कळते. रेशनला अंगठा, रोजगार हमीवर हजेरीचे फोटो, लाडक्या बहिणीला ई-केवायसी. बहीण भाताच्या खाचरात, फोन टेकडीवरच्या झाडाला पिशवीत टांगलेला. ओटीपी वेळेवर येतो, बहीण टेकडी चढून पोचते, तोवर तो शिळा झालेला असतो. मग ती पुन्हा मागवते आणि या खेपेला झाडाखालीच बसून राहते, म्हणजे लावणीची एक मजुरी बुडाली. तिच्याकडून पाठवलेला निरोप सरकारला पोचलाच पाहिजे, सरकारकडून तिला जाणारा निरोप मात्र हवामानावर अवलंबून.

आणि गंमत पाहा, उपग्रहावरून निरोप धाडणारं खास भारतीय यंत्र तयार आहे! ‘इस्रो’ने केलेलं, देशी उपग्रहावर चालणारं, दोन्ही बाजूंनी मजकूर नेणारं-आणणारं, संकटात हाक मारणारं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरला ते देशाला अर्पण केलं. सुमारे ३६० कोटींची योजना, एक लाख यंत्रं. दिल्लीहून परवाना काढा, कारण लिहा, काही भानगड नाही. अट एकच, तुम्ही मच्छीमार असायला हवं आणि यंत्र होडीवर बसवायला हवं.

तेव्हा माझा अकोलेकरांना सल्ला आहे की, अडून बसू नका. भंडारद‍ऱ्याला विल्सन धरण आहे, धरणामागे भलंमोठं पाणी आहे, पाण्यात होड्या आहेत. काजव्यांच्या दिवसांत काठावर इतकी गर्दी असते की त्यातले निम्मे पर्यटक मच्छीमार म्हणून सहज खपतील. रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई या सगळ्या गावांनी मिळून एक मच्छीमार संस्था काढावी, रतनगडावर एक होडी वाहून न्यावी आणि नेढ्याच्या तोंडाशी बांधून ठेवावी. १,२९७ मीटर उंचीवरचं हे बंदर देशातलं पहिलंच ठरेल, म्हणजे उद्घाटनालाही कुणी ना कुणी येईलच. नोंदणी अवघड नाही. अर्ज ऑनलाइन आहे.