चिकूचं माहेर

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, त्या फक्त मला सापडत नाहीत. हा फरक लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मला समजावून देण्यात आला आणि गेली अडतीस वर्षं त्याची उजळणी चालू आहे. किल्ल्या, पासबुक, नेलकटर, गॅसचं पुस्तक. मी घर डोक्यावर घ्यायचं, हिनं पदराला हात पुसत बाहेर यायचं आणि वस्तू जिथे होती तिथूनच उचलून माझ्या हातात ठेवायची. वर "इथेच तर होतं" हे तीन शब्द. त्या तीन शब्दांइतकं माझं खच्चीकरण बँकेतल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबानंही केलं नसेल.

त्यामुळे मुलीचा ह्यूस्टनहून फोन आला, "बाबा, मार्चमध्ये इकडे आलात की आपण ग्वाटेमालाला जाऊ. जंगलात हरवलेलं माया लोकांचं शहर आहे," तेव्हा मी 'हरवलेलं' या शब्दावरच थबकलो. माणसांचं अख्खं शहर हरवतं, राजवाडे आणि देवळांसकट, आणि शेकडो वर्षं कुणाला सापडत नाही! मग नेलकटरचं काय घेऊन बसलात? मी ताबडतोब हो म्हणालो.

त्या शहराला, म्हणजे तिकालला, जाण्यासाठी आधी फ्लोरेस नावाच्या गावी उतरावं लागतं. पेतेन इत्सा सरोवरातलं हे बेट एवढंसं आहे की रात्री जेवून शतपावलीला निघालो, तर शंभर पावलं पुरली नाहीत हे खरं, पण बेटाची प्रदक्षिणा मात्र पानाचा तोबरा संपायच्या आत झाली. या बेटावर इत्सा मायांची राजधानी होती. स्पॅनिश लोकांच्या हाती ती लागली थेट १६९७ साली, म्हणजे इकडे राजाराममहाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा. मायांचं राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी पुराणकाळातलं उभं राहतं. शेवटचं माया राज्य आपल्या मराठी इतिहासाच्या इतकं जवळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पहाटे तीनला गाडी आली. रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाट्या. आपल्याकडे 'पुढे शाळा आहे' म्हणून दप्तरवाली मुलं काढतात ना, तशा. इथे त्यांच्यावर साप, टर्की आणि जग्वार काढलेले. "गाडी हळू चालवा म्हणून असतील," मी म्हणालो. "की जोरात चालवा म्हणून?" ही म्हणाली.

बॅटरीच्या उजेडात जंगलातून चालत असताना डोक्यावरच्या काळोखातून असा काही आवाज आला की मी आधी हिचा हात धरला आणि मग तिला धीर देण्यासाठी धरलाय असं दाखवलं. डरकाळी नव्हे, घरघर नव्हे. बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा रडायला लागावा तसा. वाटाड्या शांतपणे म्हणाला, "माकड आहे." हाऊलर नावाचं, आपल्या गल्लीतल्या कुत्र्यापेक्षाही लहान. "अंगापेक्षा बोंगा मोठा," एवढं बोलून ही पुढे चालू लागली.

सूर्योदय चौथ्या मंदिरावरून बघायचा असतो. हे इसवी सन ७४१च्या सुमाराचं, साधारण ६५ मीटर उंच. नशिबानं मूळचा दगडी जिना चढावा लागत नाही, बाजूनं लाकडी पायऱ्या केल्या आहेत. वर पोचून आम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलो. आजूबाजूची तरुण मुलं एकमेकांत कुजबुजत होती. मुलगी म्हणाली, 'स्टार वॉर्स'च्या १९७७च्या पहिल्या सिनेमात दाखवलेला देखावा इथलाच आहे. सूर्य उगवला असावा. आम्हाला दिसलं नुसतं धुकं. चष्म्यावर तर इतकं जमलं की तो काढून हातातच धरला. तासाभरानं धुक्यातून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मंदिराचे दगडी तुरे वर आले, पाण्यातून म्हशींची शिंगं वर यावीत तसे. बाकी क्षितिजापर्यंत हिरवं. मी पुष्कळ वेळ पाहिलं आणि शेवटी विचारलं, "शहर कुठंय?"

"खाली," वाटाड्या म्हणाला.

उतरल्यावर जंगलात गुडघाभर उंचीची, पुरुषभर उंचीची टेकाडं दिसू लागली. जिकडे बघावं तिकडे टेकाड, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर मुळांनी मांडी ठोकून बसलेली झाडं. पुण्यातल्या पडक्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळाचं रोप डोकावतं आणि पाच वर्षांत भिंत उकलून ठेवतं, हे आपण पाहिलेलं असतं. इथे त्या पिंपळाच्या जातभाईंना हजार वर्षं मोकळीक मिळाली होती. मी दमून एका टेकाडावर टेकलो, पाणी प्यालो. वाटाड्या काहीतरी बोलला, मुलगी हसली. "बाबा, ते म्हणतायत, तुम्ही कुणाच्या तरी ओट्यावर बसलायत."

मी एकदम उठलो. हजार वर्षांपूर्वीची का असेना, घरमालकीण 'कोण पाहिजे?' म्हणून विचारेलसं वाटलं.

वाटाड्याला मी पुस्तकातून पाठ केलेला प्रश्न विचारला, माया लोक अचानक नाहीसे कसे झाले? तो मुलीकडे बघत म्हणाला, "यांना विचार, मग मी कोण?" तो केक्ची माया. घरी केक्ची बोलतो, पर्यटकांशी स्पॅनिश, आणि माझ्यासारख्यांशी चेहऱ्यानं. तिकालमधला शेवटचा कोरीव सनाचा दगड ८६९चा आहे. त्यानंतर राजे संपले, दरबार संपले. त्यामागं दुष्काळ, लढाया, पाऊस पाडण्याचं आश्वासन न पाळू शकणाऱ्या राजांवरून उडालेला विश्वास, अशी बरीच कारणं सांगतात. या गावाला नदी नव्हतीच. चौकांना फरसबंदी करून त्यांना उतार दिलेला, म्हणजे पावसाचा थेंबन् थेंब तळ्यात जावा. अशा गावात ढगानं पाठ फिरवली की राजाची काय किंमत उरणार? पण माणसं काही हवेत विरली नाहीत. ती निघून गेली, दुसरीकडे मका लावला, मुलंबाळं वाढवली. आजही लाखो लोक माया भाषा बोलतात. २०१२ साली त्यांच्या पंचांगाप्रमाणे जगबुडी होणार म्हणून आपल्याकडच्या वाहिन्या रात्रभर जागल्या; त्या वर्षी याला पर्यटक बरे मिळाले होते म्हणे.

मग 'हरवलं' म्हणजे नक्की काय? या प्रश्नानं मला माझ्या जातीचे पुष्कळ लोक भेटवले. १८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन आणि फ्रेडरिक कॅथरवूड हा इंग्रज चित्रकार होंडुरासमधल्या कोपानला पोचले. रानात गळ्यापर्यंत रुतलेले कोरीव स्तंभ पाहून स्टीफन्सचं डोकं फिरलं. जागेच्या ताबेदारावर छाप पडावी म्हणून त्यानं पेटीतून मोठाल्या गरुडछाप बटणांचा सरकारी कोट काढला आणि त्या दमट जंगलात घालून गेला. सौदा पन्नास डॉलरला ठरला. दगडांचे पन्नास डॉलर देणारा माणूस वेडा असणार, याबद्दल ताबेदाराच्या मनात शंका उरली नसावी. स्तंभ नदीतून खाली सोडायचे आणि न्यूयॉर्कला न्यायचे, असाही स्टीफन्सचा बेत होता. सुदैवानं तो नुसता बेतच राहिला. बिचारा कॅथरवूड मात्र डासांपासून वाचायला हातमोजे घालून, घोटाभर चिखलात उभा राहून चित्रं काढत होता. दोघांपैकी मला तोच जवळचा वाटतो. प्रत्येक जोडीत एक कोट घालणारा असतो आणि एक चिखलात उभा राहणारा.

तिकालचा सरकारी शोध १८४८चा, मोदेस्तो मेंदेस आणि आंब्रोसियो तुत यांच्या नावावर. त्यातला तुत इथलाच माणूस. त्याला काय शोधायचं होतं? आपल्या अजिंठ्याचंही तेच झालं. १८१९ साली जॉन स्मिथ शिकारीला आला, लेणी 'शोधली', दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीखही खरवडून ठेवली. त्याला जागा दाखवणाऱ्या पोरानं कुठं काही खरवडलं नाही.

या परंपरेतलं ताजं उदाहरण तर मला फ्रेम करून भिंतीवर लावावंसं वाटतं. अमेरिकेतला एक संशोधक विद्यार्थी इंटरनेटवर चाळत चाळत शोधनिकालांच्या सोळाव्या पानाच्या आसपास पोचला. सोळाव्या! तिसऱ्या पानापर्यंत गेलेला मनुष्य माझ्या माहितीत नाही. तिथे त्याला मेक्सिकोतल्या काम्पेचे राज्याच्या जंगलाची लेझर मोजणी सापडली. विमानातून प्रकाशकिरण सोडून झाडांखालची जमीन मोजायची, त्याला लायडार म्हणतात. ही मोजणी २०१३ साली जंगलात कार्बन किती साठतो ते बघायला केली होती. मोजणाऱ्यांनी झाडं बघितली आणि आकडे ठेवून दिले. या मुलानं झाडं पुसून जमीन बघितली, तर खाली सहा हजारांवर बांधकामं! २०२४ साली जाहीर झालेल्या या शोधातल्या शहराचं नाव वालेरियाना ठेवलं. आणि ते कुठं? मोठ्या रस्त्यापासून चालत पाव तासावर. भोवती लोक शेती करतात. म्हणजे शास्त्र, विमान, लेझर, सोळावं पान, सगळं करून पोचायचं ते एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर; आणि तो म्हणणार...

तो काय म्हणणार ते मी जाणतो.

मोठ्या चौकात आलो. समोरासमोर पहिलं आणि दुसरं मंदिर. पहिलं ४७ मीटर उंच, त्याच्या पोटात हासाव चान काविल राजाची कबर. पायऱ्या इतक्या उभ्या की चढणाऱ्याचा साष्टांग नमस्कार आपोआप व्हावा. आता त्यावर चढू देत नाहीत, कारण काहींचा नमस्कार उलट दिशेनं झाला. दुसऱ्यावर लाकडी जिन्यानं जाता येतं. बाहेरून एवढा डोलारा, आणि आत? गिरगावातल्या चाळीतली खोली याहून ऐसपैस. याचं कारण असं, की दोन्ही भिंतींचे दगड थरागणिक थोडे थोडे पुढे काढत वर जुळवायचे, एवढंच छत त्यांना ठाऊक. खोली जरा रुंद केली की छप्पर डोक्यात. त्यामुळे भिंतीच भिंती आणि मधे फटीएवढी खोली. मुंबईच्या बिल्डरांना हे शास्त्र कसं कळलं, त्यावर कुणीतरी लिहायला हवं.

दाराशी वाटाड्या थांबला आणि वर बोट केलं. दारावरची तुळई दगडाची नव्हती, लाकडाची होती. बाराशे वर्षांहून जुनी. पाऊस, वाळवी, वटवाघळं, सगळ्यांनी प्रयत्न करून झाले. कोरलेल्या सुंदर तुळया एकोणिसाव्या शतकातच स्वित्झर्लंडला, बाझेलच्या संग्रहालयात गेल्या. शोधणारे लोक जाताना हात हलवत जात नाहीत. "लाकूड कुठलं?" मी विचारलं. "चिकोसापोते." मुलीनं भाषांतर केलं, "चिकोसापोते."

माझ्या अकलेचा प्रकाश इथे संपला. ही मात्र तोवर खाली उतरून झाडाखाली वाकली होती. पाचोळ्यातून तिनं काहीतरी उचललं, अंगठ्यानं दाबलं, हुंगलं आणि फोडलं. आत तपकिरी गर आणि टोकाला आकडी असलेली काळीभोर, चकचकीत बी.

"अहो," ती ओरडली, आणि क्षणभर ती हाऊलर माकडंही गप्प झाली असावीत, "चिकू!"

आता सांगायला हवं, की हिचं माहेर घोलवडचं. २०१६ साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं तो घोलवडचा चिकू म्हणजे हिच्यासाठी फळ नाही, सोयरं आहे. सासऱ्यांच्या वाडीत ही चिकूच्या फांदीवर बसून परीक्षेचा अभ्यास करायची आणि अजूनही बाजारातला चिकू 'यांना चिकू म्हणत नाहीत' असं विक्रेत्याच्या तोंडावर सांगते. तो चिकू मुळात या रानातला, त्याचं नावसुद्धा इकडूनच आलेलं, आणि त्याच्याच लाकडानं या राजांची देवळं तोलून धरली आहेत! "म्हणजे आपण चिकूच्या माहेरी आलो," असं म्हणून तिनं अर्धा चिकू वाटाड्याला दिला. तो खात होता तोवर तिनं त्याला मुलीमार्फत घोलवडच्या वाड्या, लाकडी खोकी, मुंबईला जाणारे टेम्पो, सगळं सांगितलं. हे फळ लोक बागा लावून पिकवतात हे ऐकून तो खाता खाता थांबला. त्यांच्याकडे ते माकडांना पुरून उरलं की माणसांना.

त्यांना महत्त्वाचा वाटत आलाय तो चीक. त्याला म्हणायचं चिक्ले. आपला चीक आणि त्यांचं चिक्ले यांचं नातं जुळवायचा मोह मला अनावर झाला होता, पण तो निव्वळ योगायोग आहे. मराठी माणसाच्या हाती नावांचं साम्य लागलं की मायांची मूळ राजधानी पैठणला नेऊन ठेवायला त्याला दोन लेख पुरतात, म्हणून आवरलं. तर, वाटाड्याचा आजा चिक्लेरो होता. पावसाळ्यात कमरेला दोर बांधून झाडावर चढायचं, कोयत्यानं नागमोडी खाचा पाडत वर जायचं, खाली पिशवीत पांढरा चीक जमा करायचा, तो कढवून विटा पाडायच्या. त्या विटा अमेरिकेत जायच्या आणि त्यांचं च्युइंगम व्हायचं. कृत्रिम गम निघाला आणि धंदा बसला. पण त्या काळात या रानातली प्रत्येक वाट पायाखालून गेली ती चिक्लेरोंच्याच. एकेका झाडामागं हिंडताना त्यांना टेकाडं लागायची, कोरीव दगड लागायचे. सिल्व्हानस मॉर्ली या पुराणवस्तुसंशोधकानं तर अक्षरं कोरलेल्या दगडांचा पत्ता देणाऱ्या चिक्लेरोला बक्षीसच लावलं होतं. १९३१ साली कालाकमूलचं अवाढव्य शहर जगापुढं आणलं ते लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं. तोही या चिकाच्याच धंद्यातल्या एका कंपनीसाठी हिंडत होता. म्हणजे या हरवलेल्या शहरांचा पत्ता जगाला मिळाला तो पोरांना चघळायला गोळ्या हव्या होत्या म्हणून.

"आजोबांनी किती शहरं शोधली?" मी विचारलं. वाटाड्यानं खांदे उडवले. आजोबा चीक शोधत होते. शहरांच्या सावलीत बसून जेवायचे.

हिनं चिकूच्या बिया रुमालात गुंडाळल्या. "आई, कस्टमवाले!" मुलगी म्हणाली. "अगं, नेतेय कुठं?" असं म्हणत तिनं त्या जिथून फळ उचललं होतं तिथेच, पाचोळा बाजूला करून, परत ठेवल्या. "उलट येताना आपलेच चार आणायला हवे होते. लेकीचं लेकरू दाखवल्यासारखं झालं असतं."

परत निघालो. फाटकाशी नकाशा वाचायला म्हणून खिशात हात घातला, तर चष्मा नाही. शर्टाचा खिसा, पँटचा, पिशवी, पाण्याची बाटली जिथे होती तो कप्पा. हिनं काही विचारलं नाही. ती फक्त माझ्याकडे बघत उभी राहिली, अडतीस वर्षांच्या सरावानं. वाटाड्या न सांगता मागे फिरला आणि झाडांत दिसेनासा झाला. दहा मिनिटांनी तो आला तेव्हा चष्मा त्याच्या हातात होता, काचेवर एक मुंगी. त्या कुणाच्यातरी ओट्यावर राहिला होता.

चष्मा माझ्या हातात ठेवत तो स्पॅनिशमध्ये तीन-चार शब्द बोलला. भाषांतर करायला मुलीनं तोंड उघडलं.

"राहू दे," मी म्हणालो.