दोन बोटं

माझी उंची पाच फूट चार इंच. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पुढून दुसरा असायचो, आणि लग्नाकार्यात फोटोग्राफर मला न विचारता खुर्चीवर बसवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत वाचताना तुम्ही ते ओळखणारच. माझ्या बायकोने तर गाडी गॅरेजमधून परत आली त्याच दिवशी ओळखलं होतं. बोलली काही नाही. फक्त एकदा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गाडीकडे खालपासून वरपर्यंत.

गाडी म्हणजे सेकंडहँड टोयोटा टॅकोमा, पिकअप. डेन्व्हरच्या आसपास पिकअप नसलेला माणूस पावसाळ्यात छत्री नसलेल्या माणसासारखा दिसतो. त्याला कोणी हसत नाही, पण सगळे त्याच्या बाजूने जरा वाईट वाटून घेतात. मी चौदा वर्षं तशी काढली. मग घेतली.

कंपनीतून येते तेव्हा पिकअपची पाठ पुढच्या भागापेक्षा थोडी उंच असते. मागे माल भरला की पाटे दबतात आणि गाडी सरळ होते, असा तो हिशेब. त्यामुळे रिकामी पिकअप उभी असली की हमालाने कमरेत वाकून 'टाका पोतं' म्हटल्यासारखी दिसते. माझ्या गाडीत वर्षभरात पडलेला सर्वांत जड माल म्हणजे बायकोने आणलेल्या चार कुंड्या. बिचारी वाकूनच राहिली. ते वाकणं मला बघवेना, हे पहिलं कारण. दुसरं कारण इंजिनिअर पास.

कोलोराडोच्या नैर्ऋत्येला सॅन ह्वान डोंगररांगेत ही खिंड आहे, उंची १२,८०० फूट. मी इंजिनिअर, खिंडीचं नाव इंजिनिअर. ही गोष्ट मला दैवी संकेतासारखी वाटत होती. एकोणिसाव्या शतकात तिथे चांदीच्या खाणी निघाल्या, खेचरं आणि घोडागाड्या चढवायला रस्ते कोरले, आणि त्याच वाटांवर आता शनिवार-रविवारी आमच्यासारखे संगणकापुढे बसून पाठ धरलेले लोक मोठ्या टायरांच्या गाड्या चढवतात. मला वाटलं, आपणही मोठे टायर लावू. एवढंच वाटलं होतं. नुसते टायर.

इथे थोडं गणित सांगावं लागेल. माझ्या टायरवर २६५/७०आर१६ असं लिहिलेलं होतं. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आणि मधली रिम १६ इंचांची. बेरीज केली की टायर उभा ७७७ मिलिमीटर भरतो. मला हवा होता तो २८५/७५आर१६, म्हणजे ८३४ मिलिमीटर. इकडची मंडळी त्याला 'थर्टी-थ्री' म्हणतात, तेहतीस इंची. हे थर्टी-थ्री म्हणताना आवाज आपोआप थोडा खाली जातो, पोटातून येतो. मी आरशासमोर म्हणून पाहिलं आहे.

आता हा टायर चाकाच्या कमानीत मावत नाही, म्हणून गाडी उचलायची. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर दीड इंचाची एक चकती बसवतात आणि गंमत म्हणजे गाडी उचलली जाते साधारण तीन इंच, कारण स्प्रिंग चाकापाशी नसते, अलीकडे निम्म्या वाटेवर असते. दीड रुपया टाकून तीन रुपये मिळवण्याचा हा धंदा मला फार आवडला. मागे पाट्यांच्या जुडीत आणखी एक पाटा सरकवतात. झालं, एका दिवसाचं काम.

एका दिवसाच्या कामाला पाच आठवडे लागले. पुढची बाजू उचलल्यावर चाकांचा कल बदलला आणि गाडी सरळ रस्त्यावर नवशिक्या सायकलस्वारासारखी डुलायला लागली. म्हणून वरचे कंट्रोल आर्म बदलले. हेडलाइट आता समोरच्या गाडीवाल्याच्या थेट डोळ्यांत जायचे आणि लोक मला दिवे मिचकावून शिव्या द्यायचे, त्या मी आठवडाभर कौतुक समजून हात हलवून स्वीकारल्या. शेवटी स्क्रू पिळून दिवे खाली बघायला लावले. मग स्पीडोमीटर. चाक मोठं झालं हे त्या बिचाऱ्याला कोणी कळवलेलं नसतं. तो जुन्याच चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्यामुळे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ला असते. आणि एवढं सगळं करून झाल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेतली की 'घर्र'.

ते घर्र म्हणजे टायर केबिनच्या पायाला घासत होता. केबिन चासीवर ज्या लोखंडी पायांवर बसवलेली असते, त्यातला एक नेमका पुढच्या चाकाच्या मागे येतो. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "त्याचा कोपरा कापायचा आणि वर पत्रा वेल्ड करायचा. सगळेच कापतात." टोपी बसेना म्हणून डोकं तासायचं, असा हा सल्ला. मी गॅरेजच्या काचेतून पाहत होतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या, माझी चांगली धडधाकट गाडी कापली जात होती आणि पैसे मीच देत होतो.

या वाटेला माझ्याआधी लागलेली थोर माणसं आहेत, तेवढाच दिलासा. सेंट लुईसकडच्या बॉब चँडलरने १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ला मोठे टायर लावले. टायर मोठे म्हणून आस मोडले, आस दणकट घातले म्हणून आणखी मोठे टायर आले, आणि शेवटी त्या गाडीचं 'बिगफूट' होऊन ती दुसऱ्यांच्या मोटारी चिरडत फिरायला लागली. पुढे त्याच घराण्यातल्या पाचव्या बिगफूटचे टायर दहा फूट उंच झाले. माझं त्यामानाने थोडक्यात आटपलं. नॉर्थ कॅरोलिनात तर तरुण पोरांनी गाडीचं नाक तेवढं वर आणि शेपूट खाली करायची टूम काढली होती. आकाशाकडे बघत गाडी हाकायची. डिसेंबर २०२१ पासून तिथे पुढची बाजू मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून वर उचलायला कायद्याने बंदी आहे. कायदा करणाऱ्यांत माझ्या बायकोसारखं कोणीतरी असणार.

ऑगस्टमध्ये इंजिनिअर पास चढलो. दगडांवरून, पाण्यातून, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला बायकोचा रामरक्षेसारखा पुटपुटलेला स्वर. माथ्यावर पोचलो तेव्हा मला खरोखरच स्वर्ग दोन बोटं उरला होता. तिथे आधीच एक जुनाट करडी पिकअप उभी होती. कंपनीतून आली तशीच, टायरसुद्धा मूळ मापाचे. मागचं फाळकं उघडून त्यावर एक आजी-आजोबा थर्मासमधली कॉफी पीत बसले होते. त्यांचा कुत्रा माझ्या टायरपाशी आला, त्याने तो नीट पाहिला, आणि कुत्रे टायरांचं जे करतात ते केलं.

पुढच्या महिन्यात आई-अण्णा आले. अण्णांनी निफाड तालुक्यात बावीस वर्षं पिकअप चालवली, कांद्याची, लासलगावच्या बाजारात. पाटा वाढवणं त्यांना नवीन नाही. कांद्याच्या दिवसांत ओझ्याने गाडीची पाठ बसते म्हणून आमच्याकडे सगळेच जादा पाटा टाकून घ्यायचे. विमानतळावरून बाहेर आल्यावर त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून मागचे पाटे मोजले आणि विचारलं, "माल काय भरतोस?"

"माल नाही अण्णा, असंच."

"असंच," ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

आईची अडचण वेगळी होती. दार उघडलं तर गाडीचा उंबरा तिच्या मांडीच्याही वर. नऊवारी असती तर तिने जमवलं असतं, पाचवारीत ते शक्य नव्हतं. मी एका बाजूने, बायको दुसऱ्या बाजूने, आणि अण्णा मागून "हां, हां" असा नुसता तोंडी टेकू देत, आम्ही तिला चढवली. वर बसल्यावर तिने पदर सारखा केला, बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "शेजारच्यांच्या गच्च्या दिसतात की रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये बघतो तर अण्णा पुठ्ठा अंथरून गाडीखाली आडवे. मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शिअलचा लोखंडी गोळा असतो. गाडी दगडावर बसली तर पहिल्यांदा तोच टेकतो. इथले लोक त्याला भोपळा म्हणतात. मी अण्णांना तसं सांगितलं. ते खालूनच हसले.

"भोपळा तर खालीच आहे रे."

"खाली कसा? गाडी तीन इंच उचललीय."

"गाडी उचललीस. आस कुठे उचललास? पाटा आसाच्या वर. पाट्याने वरची गाडी उचलली, आस चाकाबरोबर जिथे होता तिथेच." ते बाहेर आले, कोपऱ्यात रचलेल्या जुन्या टायरांतला एक घरंगळत आणून नव्याशेजारी उभा केला आणि दोघांच्या डोक्यांमधल्या फरकावर आडवा हात धरला. तीन बोटं. "हे झालं पुरं चाक. आस मधे असतो. मग निम्मं धर."

मी निम्मं धरलं. अठ्ठावीस मिलिमीटर. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. टायरवरचे आकडे मी तोंडपाठ म्हणून दाखवत होतो. चकतीच्या दुपटीत मी इतका रमलो होतो की टायरच्या निम्म्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"म्हणजे दोन बोटं," मी म्हणालो.

"दोन पुरती नाहीत," अण्णांनी बोटं जुळवून पाहिली. "दीड."

एवढ्यात आई तयार होऊन आली. देवळात जायचं होतं. घरातलं प्लास्टिकचं स्टूल कालच तिच्या पायाखाली डुगडुगलं होतं, त्यामुळे ती दाराशी थांबून गाडीकडे गाईच्या शिंगांकडे पाहावं तशी पाहत होती. "गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून गेली," ती म्हणाली, "मला मेलं भोपळ्याच्या वर चढवतायत."

अण्णांनी तो जुना टायर दाराखाली आडवा पाडला. पायाने दाबून पाहिला, हलला नाही. २६५ मिलिमीटरची बरोब्बर पायरी. आईने त्यावर एक पाय ठेवला, दाराच्या कडीला धरलं आणि कोणाचा हात न घेता वर जाऊन बसली.

"हा मागे टाकून घे," अण्णा मला म्हणाले, "उतरताना लागेल."

मी टायर उचलून मागे टाकला. मागचे पाटे दबले वगैरे काही नाहीत, पण अण्णांनी वाकून पाहिलं मात्र.