सापडला तर शपथ

पन्नाशीला टेकलेल्या, गुडघ्यांनी केव्हाच हात वर केलेल्या आणि उदगीरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम म्हणून गादीला चिकटून बसणाऱ्या माणसानं पाच विरुद्ध पाचच्या लढाईत कुठला हिरो घ्यावा, याबद्दल माझ्या पुतण्याचं मत पक्कं आहे. अंगापिंडानं भरलेला घ्यावा. सगळ्यांच्या पुढं उभं राहावं, मार खावा आणि मागच्या पोरांना निवांत लढू द्यावं. "काका, तुमच्या तब्येतीला ॲक्स शोभतो बगा," असं तो म्हणतो. ॲक्स म्हणजे लालभडक, दांडगा कुऱ्हाडवाला. तो शत्रूच्या घोळक्यात घुसतो, या माझ्या अंगावर म्हणून आरोळी ठोकतो आणि ते खरोखर येतात. हा अनुभव मला मार्चअखेरीला दुकानावर फुकट मिळतो. त्यासाठी रात्री दहाला लॅपटॉप कशाला उघडू?

म्हणून मी पक घेतो.

ज्यांना हे सगळं पबजीच वाटतं त्यांच्यासाठी जरा थांबतो. मोंढ्यात मोबाईलवरच्या, कॉम्प्युटरवरच्या यच्चयावत खेळांना पबजी म्हणतात. सरकारनं २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी घातली, मग तो नाव बदलून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. आमच्या हमालांच्या तोंडून मात्र एक दिवस गेला नाही. मी खेळतो तो डोटा २, व्हॉल्व्ह कंपनीचा, २०१३ साली रीतसर बाजारात आलेला. फुकट आहे, हे घरी दोनदा सांगावं लागलं. एक चौकोनी रान, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन तळ, तळांना जोडणाऱ्या तीन वाटा आणि मधून तिरकी वाहणारी नदी. दोन्हीकडं पाच-पाच जण. शंभरावर हिरो आहेत, त्यांतला एकेक ज्यानं त्यानं घ्यायचा, वाटेवरचे बुरूज पाडत जायचं आणि समोरच्याच्या तळातला एन्शंट फोडायचा. एवढंच. बाकी सगळी भांडणं.

पक हा फुलपाखराच्या पंखांचा, इवलासा ड्रॅगन. शेक्सपियरच्या एका नाटकात याच नावाचा एक खोडकर वेताळ आहे, त्याचाच हा कुणीतरी भाचा-पुतण्या असावा, कारण सारखा खिदळत असतो. याच्या अंगात बळ म्हणाल तर नाही. दोन दणके बसले की आडवा. पण ते दणके बसायला आधी तो सापडावा लागतो. 'क्यू' दाबलं की त्याच्या हातून एक चमकता गोळा सरळ रेषेत निघतो, झाडांवरून, कड्यावरून, कशाचीच भीड न ठेवता. गोळा वाटेत असताना 'डी' दाबलं की पक त्या गोळ्याच्या जागी. 'डब्ल्यू' दाबलं की जवळच्या शत्रूंची वाचा बंद, त्यांना काही सेकंद एकही मंत्र टाकता येत नाही. आणि 'ई' हे माझं सगळ्यात लाडकं बटण. ते दाबलं की पक तीनएक सेकंद या सृष्टीतच नसतो. दिसत नाही, लागत नाही, मोजला जात नाही. पज नावाचा एक गलेलठ्ठ खाटीक लांबून साखळीला लावलेला आकडा फेकतो. तो आकडा माझ्या अंगातून जायच्या ऐन वेळी 'ई' दाबायचं. आकडा रिकाम्या हवेतून जातो, पज तिथंच साखळी गोळा करत उभा राहतो आणि पक पुन्हा प्रकट होऊन खिदळतो. वसुलीला आलेल्या माणसासमोर ही सोय असती तर अर्धा मोंढा सुखी झाला असता.

यात बोटांचा सराव लागतो. माझा उजवा हात कॅल्क्युलेटरवर न बघता चालतो, डावा मात्र जन्मभर वह्या धरण्यापलीकडं कशाला उपयोगी पडला नव्हता. आता रात्री त्याच्या करंगळीपासून तर्जनीपर्यंत सगळ्यांना कामं वाटून दिलीत. गोळा फेकल्यावर 'डी' लगेच दाबायचं नसतं, हे कळायला फार वेळ गेला. लगेच दाबलं तर चार पावलं पुढं पडता, फार थांबलं तर गोळा विझतो. आणि कधी कधी तर दाबायचंच नसतं. गोळा एका बाजूला सोडून द्यायचा, समोरचे तिघं तिकडं धावतात, आणि आपण झाडीत होतो तिथंच. हा खेळ मला अतिशय आवडतो. पुतण्याला आवडत नाही, कारण त्या वेळी तो एकटा मार खात असतो.

पक घेऊन नाव काढलेले लोकही आहेत, हे मी त्याला सांगून बघितलं. युक्रेनचा डेंडी मधल्या वाटेवर खेळायचा, त्याच्या आवडत्या हिरोंत पक होता, आणि त्याच्या 'नावी' नावाच्या संघानं २०११ साली जर्मनीत पहिल्या जागतिक स्पर्धेत दहा लाख डॉलरचं बक्षीस नेलं. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलची ई-स्पोर्ट्स स्पर्धा झाली, तिच्यात आपल्या पोरांनी याच डोटा २ मध्ये कांस्यपदक आणलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारनंही ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. पुतण्या म्हणाला, "काका, ते पळून परत यायलेत. तुम्ही नुस्तं पळायलाव."

हा आरोप मला मान्य नाही.

आमचा संघ सांगतो. पुतण्या पुण्यात, हिंजवडीत कामाला. त्याचे दोन मित्र तिथलेच, ते मला अहोजाहो करतात आणि मागून शिव्या देतात, माईक चालू राहिल्यामुळं कळलं. पाचवा हैदराबादचा, त्याला आमच्यापैकी कुणीच प्रत्यक्ष बघितलेला नाही. त्याची दखनी पुण्याच्या पोरांना कळत नाही, मला घरच्यासारखी कळते. सप्टेंबर १९४८ पर्यंत उदगीर निजामाच्याच मुलखात होतं, आणि आजही बिदरकडच्या फाट्यावर उभं राहिलं की मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू एका चहाच्या घोटात कानावर पडतात. त्यामुळं "अंकल, किधर कू भाग रे? नक्को भागो, अंकल, हौला बना दिये हमना" हे वाक्य संघात फक्त माझ्यापर्यंत पोचतं. दुभाष्याचं कामही माझ्याकडंच असल्यानं मी पुण्याच्या पोरांना सांगतो, "तो म्हणतोय, काका चांगलं खेळायलेत."

आता मूळ मुद्द्याकडं येतो. सामना संपला की डोटा हिशेब दाखवतो. किती सोनं मिळवलं, किती नुकसान केलं, असे बरेच आकडे असतात, पण सगळ्यांची नजर जाते ती तीन रकान्यांवर: किती मारले, किती वेळा मेलात, किती जणांना मारायला मदत केलीत. पहिल्या रकान्यात माझ्यासमोर एक, फार तर दोन. पुतण्याच्या पुढं बारा. तेवढ्यावर पोरं मला पळपुटा ठरवून मोकळी होतात. मी तीस वर्षं खतावण्या लिहितोय, मला रकाने शिकवू नका. शत्रूचे तिघं माझ्यामागं नदीपासून पार वरच्या झाडीपर्यंत आले. आपापली ठेवणीतली अस्त्रं माझ्या नसलेल्या देहावर उधळून बसले. तेवढ्या वेळात आमच्या चौघांनी खालच्या वाटेचे दोन बुरूज पाडले. बुरूज पोरांच्या नावावर चढले, ठीक. पण ती तिघांची धावपळ कुठल्या खात्यात लिहिली? ज्या हिशेबात दमवलेल्या माणसांना रकानाच नाही, तो हिशेब माझ्या शेठजींनी वही फेकून परत दिला असता.

आणि ही चुकीची नोंद आमच्या गावाला नवी नाही. ३ फेब्रुवारी १७६० ची उदगीरची लढाई शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. सदाशिवरावभाऊ इकडून, सलाबतजंग आणि निजामअली तिकडून. निजामाची फौज धारूरकडं सरकू बघत होती आणि मराठी घोडेस्वार तिला वाटेत गाठून चहूबाजूंनी सतावत होते: येतात, तोडतात, जातात. जड तोफा आणि सामान घेऊन चालणाऱ्या फौजेला याहून वाईट काही नसतं. दुसऱ्या बाजूनं इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ मराठ्यांकडं होतं, त्यांनीही काम चोख केलं. जिंकलो, दौलताबाद मिळालं, अशिरगड, बऱ्हाणपूर, विजापूर मिळालं. मग भाऊंनी जमाखर्च मांडला आणि सगळं श्रेय तोफांच्या खात्यावर टाकलं. घोड्यांची दमवणूक, हुलकावणी, हिला रकानाच नव्हता. त्याच साली परतूरहून उत्तरेला निघालेल्या लष्कराबरोबर तोफा होत्या, कबिले होते, यात्रेकरू होते. होळकर आणि सूरजमल जाट सांगत होते की बुणगे मागं ठेवा, गनिमी काव्यानं लढा. म्हाताऱ्याचा सल्ला म्हणून तो बाजूला पडला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं ते काही मी सांगायला नको. माझं म्हणणं इतकंच की ती वही इथं, आमच्या किल्ल्याच्या आसपास कुठंतरी लिहिली गेली, आणि तेव्हा हाताशी एक बरा मुनीम नव्हता.

हे सगळं मी एकदा माईकवर, सामना चालू असताना, सविस्तर सांगितलं. संताजी-धनाजींपर्यंत पोचलो होतो, मोगलांच्या घोड्यांना पाण्यात ते दोघं दिसायचे इथपर्यंत. हैदराबादवाला म्हणाला, "अंकल, हिस्ट्री बाद में, तुम मर गये." खरंच मेलो होतो. समोर ब्लडसीकर होता. हा एकच गडी मला भारी जातो. तो एक अस्त्र टाकतो आणि मग तुम्ही जितकं हलाल तितकं रक्त जातं. डॉक्टर सांगतात रोज तासभर चाला, हा सांगतो पाऊल उचललंस तर मरशील. तब्येतीच्या दृष्टीनं मला ब्लडसीकरचं जास्त पटतं, पण पकचा सगळा धंदाच तो बसवून टाकतो.

पकचं खरं वजन 'आर' बटणात आहे, ते राहिलंच. शत्रूच्या घोळक्यात एक खुंटी ठोकली जाते आणि आसपासच्या सगळ्यांना दावं लागतं. देवणी खोंड पहिल्यांदा दावणीला बांधल्यावर जसं करतं, तसं. जो गप उभा राहील तो वाचतो, जो हिसका देईल त्याचं दावं तुटतं खरं, पण तो जागेवर सुन्न होऊन पडतो, आणि मग आमची पोरं येऊन त्याचा निकाल लावतात. म्हणजे सगळ्यात सुळसुळीत हिरोच्या हाती दुसऱ्यांना बांधून घालायची कला. ज्यानं कुणी हा पक घडवला, त्यानं आमचा वायरमन बघितला असणार.

वायरमनची गोष्ट अशी की घरचा इन्व्हर्टर बंद पडला होता. इन्व्हर्टर नाही म्हणजे लाईट गेली की राउटर गेला, राउटर गेला की पक रानात पुतळ्यासारखा उभा. पाच मिनिटांत परत आला नाहीत तर डोटा तुमच्या नावावर सामना सोडल्याचा शिक्का मारतो आणि तुम्हाला असल्याच शिक्केवाल्यांच्या रांगेत खेळायला बसवतो. तिथली माणसं बघितली की मोंढा सभ्य वाटतो. म्हणून वायरमनला फोन. सकाळी दहाला तो नळेगाव रोडला होता. दहा वाजून पाच मिनिटांनी देगलूर रोडला. सव्वादहाला बिदर गेटाच्या अलीकडं, "आलोच काका, रस्त्यात हाव." आवाजामागं हातोडी ऐकू येत होती, म्हणजे रस्त्यावर नव्हता, कुणाच्या तरी स्लॅबवर होता. दुपारी एकदा खरोखर आला, इन्व्हर्टरचं झाकण काढलं, "फ्यूज आणतो" म्हणाला आणि पकड-टेस्टरची पिशवी दारात ठेवून गेला. पिशवी ठेवली म्हणजे माणूस परत येणार, असं बायको म्हणाली. गोळा सोडलाय पण 'डी' दाबणार नाही, असं मी म्हणालो. तिला ते कळलं नाही. पिशवी आठवडाभर दारातच होती, आणि तिच्यामुळं मला दुसरा वायरमनही बोलावता येईना. दावं बांधलं होतं.

आणि मग तो आला. कधी आला, तर रात्री साडेदहाला. चाळिसावं मिनिट चालू, आमचा तळ अर्धा पडलेला, समोरचे पाचही जण नदीच्या चढावर एका जागी जमलेले. असा योग पकच्या आयुष्यात क्वचित येतो. मी झाडीत, मंत्रांची शक्ती पूर्ण भरलेली, सगळी बटणं तयार. पुतण्या कानात ओरडतोय, "काका, आता! आता जावा!" गोळा सोडला. 'डी' दाबलं. बरोबर पाचांच्या मधोमध पडलो. तर्जनी 'आर'वर गेली.

"काका, मेन बंद करलालो दोन मिन्टं," असं म्हणत वायरमननं खटका ओढला.

अंधारात त्यानं माझ्या हातात माझाच मोबाईल दिला, बॅटरी लावून. "जरा हितं धरा. हलू नका." मी धरली. मोबाईलचं नेट राउटरसारखं वापरता येतं हे मला माहीत आहे, पण एका हातात उजेड, दुसऱ्या हातात त्यानं दिलेले तीन स्क्रू. तोंडात टेस्टर धरून तो सांगत होता की सध्या कामाचा किती ताण आहे, लोक फोन किती करतात आणि किती अंगावर येतात. तेवढ्यात हातातला मोबाईल थरथरला. पुतण्या. वायरमननं नाकानंच स्पीकर चालू करून दिला.

"काका! कुठं गेलाव? पाच जणं उभी हायेत तितंच! कुठं हाव तुम्ही?"

मी वायरमनकडं बघितलं. त्यानं तोंडातला टेस्टर काढला आणि माझ्या वतीनं उत्तर दिलं, "आलेच ते. रस्त्यात हायेत."