फ्रेडीच्या सातबाऱ्यावर आमचं नाव

‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची ऐंशीच्या दशकातली एखादी मुलाखत मोबाइलवर फिरत फिरत कोल्हापुरात पोचली, की पहिल्याच मिनिटाला निकाल लागतो: ‘आपल्या पाचगणीचं पोरगं, नाद खुळा!’ दुसऱ्या मिनिटाला ‘अशी माणसं आता होणे नाही’. तिसऱ्या मिनिटापर्यंत थांबायला सवड कुणाला? तो काय बोलला हे गौण. त्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढलं की झालं. जुन्या मुलाखतींना येणाऱ्या या दादेला लोक स्मरणरंजन म्हणतात. तो खरा वारसनोंदीचा अर्ज असतो, आणि अर्जासोबत कागदपत्रं जोडायची पद्धत आपल्याकडे नाही.

कागद काय सांगतात? फ्रेडी, म्हणजे मूळचा फारूख बुलसारा, जन्मला झांझिबारला, 5 सप्टेंबर 1946 रोजी, मूळच्या गुजरातच्या पारशी कुटुंबात. आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलं, ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी बँडही तिथलाच. पण त्यात तो पियानोवर असे, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. (हे कळलं तर त्या दुसऱ्याच्या नावानंही अर्ज पडायचे.) 1964 मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं, 1970 मध्ये ‘क्वीन’ उभा राहिला. त्याच्या हयातीत क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही. बोर्डिंगनं आपल्याला स्वतःच्या पायावर उभं केलं, इतपत तो बोलायचा. पण हिंदुस्थानातल्या बालपणाबद्दल त्यानं फारसं तोंड उघडलं नाही. मुलाखतींचाही त्याला कंटाळाच. बोलताना आणि हसताना पुढे आलेले दात वरच्या ओठाखाली झाकण्याची त्याची धडपड पडद्यावर स्पष्ट दिसते. आणि त्या मुलाखतीखाली आपली दाद काय? ‘किती मनमोकळा माणूस!’ शिवाय ‘तेव्हाचे कलाकार किती साधे!’ म्युनिकमध्ये एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला काळ्या-पांढऱ्या वेषातली जंगी पार्टी देणारा हा गृहस्थ साधेपणाच्या आरोपातून सुटला असता, तर त्यालाच बरं वाटलं असतं.

‘आमच्या काळी’ ही तर या अर्जांची ठरलेली सुरुवात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’ मैफलीत फ्रेडीनं मैदान डोक्यावर घेतलं ते 13 जुलै 1985 रोजी. त्या सुमारास आपल्याकडे कौलांवर चढून अँटेना फिरवला जायचा तो ‘छायागीत’ आणि रविवारच्या सिनेमासाठी. जी मुलाखत त्या काळात आपल्यापर्यंत आलीच नाही, तिची आठवण काढून डोळे ओले करायचे, हे कसब मात्र अस्सल स्थानिक आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: जुन्या मुलाखती खरंच चांगल्या होत्या. प्रश्न विचारून झाल्यावर विचारणारा गप्प बसायचा, उत्तराला वेळ द्यायचा. मान्य. पण त्याच गप्प बसण्याला कात्री लावून, मागे ढोल वाजवून केलेला चाळीस सेकंदांचा तुकडा आपण पाहतो आणि जुन्या काळच्या संयमाला दाद देतो. दुसरा आक्षेप अभिमानाचा: पाचगणी शेवटी सातारा जिल्ह्यात, जवळच्याच, मग आपला का म्हणू नये? जरूर म्हणावं. फक्त शेजाऱ्याच्या जमिनीवर हक्क सांगताना स्वतःच्या शिवारात काय पडून आहे तेही बघावं.

छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ मार्च 1946 मध्ये गेले, फ्रेडीच्या जन्माआधी सहा महिने. उमेदीची कितीतरी वर्षं कोल्हापुरात काढलेल्या या माणसाची लांबलचक मुलाखत उपलब्ध आहे. नातू अझीझुद्दीन खाँ यांनी आजोबांच्या तोंडून ऐकून ती लिहून घेतली आणि 2000 साली ती इंग्रजी पुस्तकरूपात आली. तिच्याखाली ‘नाद खुळा’ असं अजून कुणी लिहिलेलं नाही. अडचण एवढीच, की ती अंगठ्यानं वर सरकत नाही आणि पानं उलटून वाचावी लागते.